रास्त भाव कोणी द्यायचा? कॉफीच्या इतिहासातून काही मुद्दे

'फेअर ट्रेड' म्हणजे रास्त व्यापार. या चळवळीबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. ग्राहकाने चार पैसे जास्त दिले की शेतकऱ्याचे भले होते, असे काहींना वाटते. हा श्रीमंत देशांनी स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी उभा केलेला धंदा आहे, असे इतर म्हणतात. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. त्याचे कारण कॉफीच्या इतिहासात सापडते.

पंधराव्या शतकात कॉफीचे पेय येमेनच्या सुफींमध्ये रुजले आणि पुढे मोखा बंदरातून तिचा व्यापार जगभर पसरला. बाबा बुदन यांनी तिचे सात दाणे चिकमगळूरच्या डोंगरात आणले, अशी लोकपरंपरा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबार किनाऱ्यावरून रोपे जावा बेटावर नेली. १८३० पासून डच सरकारने तिथल्या शेतकऱ्यांवर, म्हणजे बहुसंख्य मुस्लिम रयतेवर, निर्यातीची पिके सक्तीने लादली. घाम रयतेचा, पण भाव ठरवणार सरकार. हा अन्याय एदुआर्द डेकर या माजी डच अधिकाऱ्याने १८६० मध्ये 'मॅक्स हॅवलार' या कादंबरीतून मांडला.

१९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये रास्त व्यापाराच्या कॉफीवर शिक्का मारायला सुरुवात झाली. त्याला याच कादंबरीचे नाव दिले गेले. त्याच्या मुळाशी मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था होती. त्यांना खैरात नको होती, मालाचा भाव हवा होता.

पुढच्याच वर्षी जे घडले ते मला सर्वात महत्त्वाचे वाटते. १९६२ पासून कॉफी पिकवणारे आणि विकत घेणारे देश एका आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेले होते. कोणी किती निर्यात करायची याचा कोटा ठरत असे आणि त्यामुळे भाव सावरलेला राही. वाटपावर एकमत न झाल्याने जुलै १९८९ मध्ये हा कोटा बंद पडला. काही महिन्यांतच भाव जवळपास निम्म्यावर आला. २००१ मध्ये तो पाऊंडाला ५० सेंटच्याही खाली घसरला.

त्या काळात रास्त व्यापारात अरेबिका कॉफीला पाऊंडामागे १ डॉलर २१ सेंटचा किमान भाव होता. शिवाय संस्थेला सामाजिक कामासाठी ५ सेंट मिळत. आपल्या भाषेत हा हमीभावच. बुडत्याला त्याचा मोठा आधार होता. पण एक अडचण होती. संस्थेचा सगळा माल या भावाने उचलला जात नाही. समजा, दहापैकी तीन पोती शिक्क्याखाली गेली, तर उरलेली सात बाजारभावानेच विकावी लागतात. प्रमाणपत्राचा खर्च मात्र चुकत नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही हिशेब तपासायला हवा. तो दुकानात जे जास्त पैसे मोजतो, ते सगळे मळ्यापर्यंत पोहोचत नाहीत. भाजणारा, पाकीट भरणारा आणि दुकानदार आपापला वाटा ठेवतात. शेतकऱ्याला किमान किती मिळावे हे शिक्का ठरवतो. दुकानदाराने किती आकारावे यावर त्याचे बंधन नसते.

आणि शेतमजुराचे काय? लंडन विद्यापीठाच्या 'सोआस' संस्थेने इथिओपिया आणि युगांडात केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रास्त व्यापाराच्या संस्था जिथे काम करतात तिथल्या मजुरांची स्थिती इतर ठिकाणांपेक्षा चांगली नव्हती, उलट मजुरी बऱ्याचदा कमीच होती, असे त्यात आढळले. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला हमीभाव मिळाला. ज्याच्याकडे फक्त दोन हात आहेत तो बाहेरच राहिला.

म्हणून हा शिक्का निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. २००१ च्या मंदीत ज्याच्या घरात तो भाव आला, त्याला त्याची किंमत विचारा. माझे म्हणणे एवढेच की, जे काम आधी देशांमधला करार करत होता, ते १९८९ नंतर ग्राहकाच्या दयेवर सोपवले गेले. दया चांगलीच, पण तिच्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही. करार मोडला तर जाब विचारता येतो. ग्राहकाने उद्या दुसरे पाकीट उचलले, तर शेतकऱ्याने कोणाला विचारायचे?