पायऱ्या चढताना हृदय किती रक्त ढकलतं? मोजण्याच्या खटाटोपाचा थोडा इतिहास

सोनपेठहून परळी जवळ. वैद्यनाथाच्या पायऱ्या चढताना आमच्या घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला निम्म्यात बसावं लागायचं. घरी ओट्यावर गप्पा मारताना मात्र ठणठणीत. हार्ट फेल्युअरचं असंच असतं. हृदय बंद पडलेलं नसतं, पण शरीराला लागेल तितकं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही. आणि जास्त लागतं ते चढताना, चालताना. मग पेशंटला पलंगावर झोपवून काय कळणार? १९८१ मध्ये फ्रान्सिओसा आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. विश्रांतीत मोजलेलं हृदयाचं काम आणि व्यायामाची क्षमता यांचा मेळ त्यांना सापडला नाही.

मोजायची रीत तशी जुनी आहे. १८७० मध्ये फिकने सांगितलं की शरीराने मिनिटाला घेतलेला ऑक्सिजन भागिले धमनी आणि शिरेतल्या रक्तातला ऑक्सिजनचा फरक, म्हणजे मिनिटाचा रक्तप्रवाह. २५० मिली भागिले लिटरमागे ५० मिली, म्हणजे ५ लिटर. गणित पाचवीचं, पण त्यासाठी हृदयापर्यंत नळी घालावी लागते. सायकल मारणाऱ्या पेशंटला नळी कोण घालणार? (घालतात, पण फार थोड्या ठिकाणी.) १९१२ मध्ये कोपनहेगनला क्रोग आणि लिंडहार्ड यांनी सुई न टोचता वाट काढली. नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचा आणि फुफ्फुसातून तो रक्तात किती वेगाने विरघळतो ते बघायचं. व्यायाम करणाऱ्यांवरही त्यांनी हे केलं.

मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते, विजेची. छातीतून न जाणवणारा, उच्च वारंवारतेचा सौम्य प्रवाह सोडायचा. रक्त विजेचं चांगलं वाहक, त्यामुळे ठोक्याबरोबर महाधमनी भरली की छातीचा विद्युतरोध किंचित उतरतो. किती? साधारण २५ ओहममध्ये ०.१ ते ०.२ ओहम! १९४० मध्ये नायबोअरने हे बदल नोंदवले आणि १९६६ मध्ये मिनेसोटाच्या कुबिचेकने नासासाठी त्यावरून रक्त मोजायचं सूत्र दिलं. आपल्याकडे हे तंत्र ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजलं. तिथल्या जिंदल यांनी केईएमच्या डॉ. परुळकरांबरोबर केलेलं काम १९८१ मध्ये जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनमध्ये आलं. ते हातापायांच्या बंद धमन्यांवर होतं, हृदयावर नाही, पण तत्त्व तेच. त्याच जर्नलमध्ये १९९० मध्ये मूलतत्त्वांवरचा लेखही आला. नेटवर फुकट आहे, जरूर वाचा.

आता गोम कुठे आहे ते बघा. कुबिचेकचं सूत्र छातीला सरळ नळकांडं समजतं आणि त्यात मूळ रोधाचा वर्ग छेदात येतो. हार्ट फेल्युअरमध्ये फुफ्फुसात पाणी साचतं आणि मूळ रोध घसरतो. समजा तो १० टक्क्यांनी कमी झाला आणि बाकी सगळं तेच राहिलं, तर १ भागिले ०.८१, म्हणजे उत्तर सुमारे २३ टक्क्यांनी फुगतं. ज्या पेशंटसाठी आकडा हवा, त्याच्याच बाबतीत तो फसवायची शक्यता जास्त. त्यात ट्रेडमिलवर छाती हलते, श्वास वाढतो, आणि ०.१ ओहम त्या गोंधळात हरवतो. २००७ मध्ये केरेन आणि मंडळींनी रोधाचं मोजमाप सोडून विद्युतलहरीची कला किती सरकते ते मोजायला घेतलं. याला बायोरिॲक्टन्स म्हणतात. हालचालीचा त्रास कमी झाला, पण छातीची वीज आणि रक्त यांच्यामध्ये एक गृहीतक उरतंच.

दरम्यान डॉक्टरांनी आडवाट धरली होती. तोंडाला मास्क लावून फक्त ऑक्सिजन मोजायचा. १९९१ च्या मॅन्सिनी यांच्या अभ्यासानंतर किलोमागे मिनिटाला १४ मिली ही रेघ हृदय प्रत्यारोपण कोणाला, हे ठरवताना वापरात आली. पण ऑक्सिजन कमी भरण्यामागे फक्त हृदय नसतं. रक्त कमी असेल, मांड्या झिजल्या असतील, फुफ्फुस थकलं असेल, तरी आकडा खालीच येतो. ॲनिमिया आपल्याकडे किती, ते मी वेगळं सांगायला नको. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव जाणार की आधी लोहाच्या गोळ्या मिळणार, हे ठरवताना मास्कवाला आकडा आणि ठोक्यामागचं रक्त, दोन्ही एकाच वेळी, चालत्या माणसात हवेत. माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं पान इथूनच सुरू होतं.