मुंबईचा प्लेग-दंगा

शहरांतील दंगा एका दिवसांत पेटतो. त्याची कारणें मात्र पुष्कळ दिवस सांचत असतात. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग उद्भवला. १८९७ च्या कायद्यानें घरें तपासण्याचा व रोग्यांस सक्तीनें हलविण्याचा अधिकार सरकारास मिळाला. हेतु रोगनिवारणाचा होता. परंतु इस्पितळांत नेलेला माणूस परत येत नाहीं, अशी लोकांची धास्ती होती. ती कोणीं दूर केली नाहीं. ९ मार्च १८९८ रोजीं मदनपुऱ्यांत एका विणकराच्या आजारी मुलीस तपासण्यास पथक गेलें आणि दंगा उसळला. लष्कर बोलवावें लागलें, गोळीबार झाला. पुढें सरकारास सक्ती सैल करावी लागली. घराच्या उंबरठ्याचा मान आधींच राखला असता, तर तेंच काम रक्तपातावांचून साधण्याचा संभव होता.