संगणकाचा पडदा आणि देवनागरी : रिझोल्यूशन व रिफ्रेश रेट यांचा इतिहास (मार्कंडा व चामोर्शी या स्थलनामांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी वसलेले मार्कंडा हे गाव प्राचीन शिवमंदिरांच्या समूहासाठी प्रसिद्ध आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ व १८७४-७५ या वर्षांतील मध्य प्रांताच्या दौऱ्याच्या अहवालात या मंदिरांचे वर्णन केले आणि गावाचे नाव रोमन लिपीत छापले गेले. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात येऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. नव्या जिल्ह्याचा दप्तरी कारभार आणि हे नवे यंत्र असे एकाच काळाचे अपत्य आहेत.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली होती. मात्र संगणकाचा पडदा मराठीसाठी घडलेला नव्हता. संगणकावरील मराठीचा इतिहास सांगताना टंक, कळफलक व संकेतप्रणाली यांची चर्चा होते, पडद्याची मात्र क्वचितच होते. वस्तुतः पडद्यावर किती ठिपके उमटतात आणि ते सेकंदाला किती वेळा उजळतात, यावर देवनागरीची वाचनीयता दीर्घकाळ अवलंबून होती. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा परामर्श घेतला आहे.

पडद्याचे गणित

पडद्यावरील आडव्या व उभ्या ठिपक्यांची संख्या म्हणजे रिझोल्यूशन, तर संपूर्ण चित्र एका सेकंदात जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते ती संख्या म्हणजे रिफ्रेश रेट. तो हर्ट्झमध्ये मोजतात. जुन्या काचनळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रेखाटत खाली येई. सेकंदाला किती ओळी रेखाटता येतील, याला मॉनिटरच्या विद्युतमंडलाची मर्यादा असे. म्हणून ओळी वाढविल्या की रिफ्रेश रेट कमी करावा लागे, आणि रिफ्रेश रेट वाढविला की ओळींवर मर्यादा येई. व्हीजीए पद्धतीच्या ६४० × ४८० या मांडणीत परतीच्या काळातील अदृश्य ओळी धरून एकूण ५२५ ओळी होत. त्या सेकंदाला सुमारे ६० वेळा रेखाटण्यासाठी साधारण ३१.५ किलोहर्ट्झची आडवी वारंवारिता लागे.

देवनागरीची गरज येथेच वेगळी ठरते. रोमन अक्षर आठ ओळींच्या चौकटीतही ओळखू येते. देवनागरी अक्षराचे मात्र तीन मजले असतात : शिरोरेखेवरील मात्रा, वेलांट्या, रफार व अनुस्वार, शिरोरेखेला लोंबणारे मुख्य अंग, आणि खालचे उकार. शिरोरेखेला एक, मुख्य अंगाला सहा-सात आणि वरच्या व खालच्या चिन्हांना प्रत्येकी तीन ओळी धरल्या, तरी बेरीज तेरा-चौदावर जाते. दोन ओळींमधील मोकळी जागा त्यात अजून धरलेलीच नाही.

या गणिताचा अर्थ स्थलनामांवरून स्पष्ट होतो. ‘मार्कंडा’ या नावात ‘क’ या एकाच अक्षराच्या माथ्यावर रफार आणि अनुस्वार दोन्ही येतात. ‘चामोर्शी’मध्ये दीर्घ वेलांटीवर रफार चढतो. ‘सिरोंचा’मध्ये मात्रा व अनुस्वार शेजारी बसतात, तर ‘वैनगंगा’मध्ये दोन मात्रा वेगळ्या दिसाव्या लागतात. वरच्या मजल्यावर ठिपके अपुरे पडल्यास ‘मार्कंडा’चे ‘माकंडा’ किंवा ‘मार्कडा’ होते, ‘चामोर्शी’चे ‘चामोशी’ होते आणि ‘वैनगंगा’ ‘वेनगंगा’ अशी वाचली जाते. सातबाराच्या उताऱ्यात किंवा मतदार यादीत असा फरक केवळ सौंदर्याचा राहत नाही. कारण नावाच्या एकरूपतेवर माणसाची ओळख व जमिनीवरील हक्क अवलंबून असतात.

रोमन लिपीसाठी घडलेले पडदे

१९८१ साली आयबीएमच्या संगणकाबरोबर दोन प्रकारची चित्रकार्डे उपलब्ध होती. सीजीए या रंगीत कार्डाचे कमाल रिझोल्यूशन ६४० × २०० होते. पंचवीस ओळींच्या मजकुरात प्रत्येक अक्षराच्या वाट्याला आठच आडव्या रेषा येत. सोळा रेषांचे देवनागरी अक्षर घेतले, तर अशा पडद्यावर मजकुराच्या जेमतेम बारा ओळी मावतील.

एमडीए हे एकरंगी कार्ड ७२० × ३५० ठिपक्यांचे होते आणि अक्षराची चौकट ९ × १४ ठिपक्यांची. त्याचा रिफ्रेश रेट केवळ ५० हर्ट्झ असला, तरी पडद्यावरील हिरवा स्फुरदीप्त लेप उजेड बराच वेळ धरून ठेवी. त्यामुळे थरथर जाणवत नसे. चौदा रेषा देवनागरीला काठावर पुरल्या असत्या. पण अडचण दुसरीकडेच होती. चौकटीतील नववा उभा स्तंभ अक्षरे सुटी दिसावीत म्हणून कोरा ठेवला जाई. चौकटी काढण्याच्या चिन्हांसाठी राखलेल्या ३२ संकेतांपुरताच आठवा ठिपका नवव्या स्तंभात पुन्हा उमटे. रोमन लिपीला सोयीची असलेली ही फट देवनागरीची शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तोडणारी होती. शिवाय २५६ चिन्हांच्या मर्यादेत जोडाक्षरांना जागा कोठून मिळणार?

१९८२ मधील हर्क्युलस कार्डाने ७२० × ३४८ ठिपक्यांची आलेखी मांडणी दिली, १९८४ मधील ईजीएने ६४० × ३५० आणि १९८७ मधील व्हीजीएने ६४० × ४८०. व्हीजीएच्या मजकूर मांडणीत अक्षराला सोळा रेषा मिळाल्या आणि रिफ्रेश रेट ७० हर्ट्झवर गेला. देवनागरीला पुरेशी उंची प्रथमच सहज उपलब्ध झाली. मात्र प्रत्येक मॉनिटर प्रत्येक कार्डाला चालत नसे. स्थिर वारंवारितेच्या जुन्या मॉनिटरला भलतीच वारंवारिता दिल्यास तो निकामी होण्याचा धोका असे.

जिस्ट आणि इस्की

ही अडचण सोडविण्याचे महत्त्वाचे कार्य भारतातच झाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेला देवनागरी संगणक १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आला. १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि मोहन तांबे यांच्या पुढाकाराने हे काम ‘जिस्ट’ या नावाने तेथे विस्तारले. संगणकात बसविण्याच्या जिस्ट कार्डामुळे, मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील मजकूरप्रधान प्रणालींमध्येही भारतीय लिप्या वापरता येऊ लागल्या. अक्षरे जुळविण्याचा व उमटविण्याचा भार मूळ प्रणालीवर न टाकता कार्डाने उचलला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

याला जोड मिळाली ती ‘इस्की’ या संकेतप्रणालीची. १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक ठरली. तिच्यामागील तत्त्व दूरगामी होते : स्मृतीत अक्षराचे रूप नव्हे, तर उच्चारक्रमाने वर्ण साठवावेत. त्यानुसार ‘मार्कंडा’ म्हणजे म, काना, र, हलन्त, क, अनुस्वार, ड, काना असे आठ संकेत. पडद्यावर रफार नीट उमटो वा न उमटो, नोंद शुद्धच राहते. पडदा सुधारला की तीच नोंद अधिक स्पष्ट दिसते. भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत विदर्भातील वर्धा जिल्हा होता. गावोगावच्या नावांची नोंद संगणकावर येण्याच्या या उंबरठ्यावर, रूप व संकेत यांची फारकत किती आवश्यक होती, हे लक्षात येते.

विंडोजचा काळ : ठिपके की स्थैर्य

१९९० च्या दशकात विंडोज प्रणालीमुळे मराठी मजकूर चित्ररूपाने उमटू लागला आणि रिझोल्यूशन निवडणे वापरकर्त्याच्या हाती आले. या निवडीला दोन मर्यादा होत्या. पहिली चित्रकार्डाच्या स्मृतीची : २५६ रंगांत ८०० × ६०० ठिपक्यांसाठी ४,८०,००० बाइट लागत, तर १०२४ × ७६८ साठी ७,८६,४३२. अर्ध्या मेगाबाइटचे कार्ड पहिल्यापाशीच थांबे. दुसरी मर्यादा मॉनिटरची : १०२४ × ७६८ ही मांडणी ६० हर्ट्झवर चालविण्यास सुमारे ४८ किलोहर्ट्झ आडवी वारंवारिता लागे, ७५ हर्ट्झवर ती ६० किलोहर्ट्झपर्यंत जाई.

स्वस्त मॉनिटरवर अधिक ठिपके मिळविण्याची एक युक्ती म्हणजे एकाआड एक ओळी रेखाटणे. ८७ हर्ट्झ असा आकडा दिसे. परंतु प्रत्यक्षात एक ओळ सेकंदाला सुमारे ४३ वेळाच उजळे. या पद्धतीत सर्वाधिक थरथरते ती एका ठिपक्याच्या जाडीची आडवी रेघ, आणि देवनागरीची शिरोरेखा म्हणजे नेमकी तशीच रेघ. रोमन मजकुरात अशा आडव्या रेघा तुटक व थोड्या असतात. देवनागरीत त्या प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर असतात. त्यामुळे दिवसभर मराठी नोंदी करणाऱ्याच्या डोळ्यांना या मांडणीचा ताण अधिक होणे स्वाभाविक होते. अशा वेळी ठिपके कमी करून ८०० × ६०० ही सलग मांडणी ७२ किंवा ७५ हर्ट्झवर ठेवणे अधिक हितावह ठरे. चुकीच्या निवडीने पडदा काळा पडल्यास, पंधरा सेकंदांत संमती न मिळाल्यावर जुनी मांडणी परत आणण्याची सोय विंडोजमध्ये होती.

याच काळात एक उलटे पाऊलही पडले. अनेक मराठी टंकांत वर्णाऐवजी आकृतीचाच संकेत साठविला जाऊ लागला आणि प्रत्येक उत्पादकाची सारणी निराळी झाली. पडदा स्वच्छ झाला. पण तो विशिष्ट टंक नसलेल्या संगणकावर ‘मार्कंडा’ हे नाव निरर्थक चिन्हांची माळ बनले. पूर्वी नोंद शाबूत व दर्शन सदोष असे. आता दर्शन सुबक आणि नोंद परावलंबी झाली. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय झाली, तेव्हा वर्ण साठविण्याचे इस्कीचे तत्त्व व्यापक पातळीवर पुन्हा रुजू लागले.

पुढे सपाट एलसीडी पडद्यांनी प्रश्नाचे स्वरूपच बदलले. त्यांतील ठिपका पुढील आज्ञेपर्यंत उजळलेला राहतो. म्हणून ६० हर्ट्झवरही काचनळीसारखी थरथर होत नाही. मात्र ठिपक्यांची संख्या कायम असते. १२८० × १०२४ च्या पडद्यावर जुन्या संगणकाने १०२४ × ७६८ चे चित्र पूर्ण पडदाभर पाठविल्यास ते आडवे सव्वापट, तर उभे एक-तृतीयांशाने अधिक ताणले जाते. परिणामी शिरोरेखा कोठे जाड, कोठे धूसर दिसते.

निष्कर्ष

१. संगणकाच्या पडद्याची आरंभीची मानके तटस्थ नव्हती. अक्षराची उंची, नववा कोरा स्तंभ आणि चिन्हांची संख्या या तिन्ही बाबी रोमन लिपीच्या गरजेतून ठरल्या होत्या.

२. देवनागरीला उभ्या दिशेने अधिक ठिपके आणि शिरोरेखेमुळे अधिक स्थिर पडदा लागतो. म्हणून तिच्यासाठी सर्वांत मोठे रिझोल्यूशन हे नेहमीच सर्वांत योग्य नव्हते.

३. पडदे बदलले, वर्णक्रमाने साठविलेली नोंद मात्र प्रत्येक बदलातून तरून गेली. आकृतिरूपाने साठविलेले मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये आणताना रफार व अनुस्वार यांची मूळ प्रतीशी ताळणी करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मार्कंडा येथील मंदिरांचे दगड शतकानुशतके टिकले. गावाच्या नावावरचा रफार आणि अनुस्वारही तितक्याच जपणुकीचा विषय आहे. ती जपणूक पडद्याच्या चकाकीवर नव्हे, तर त्यामागील नोंदीच्या शुद्धतेवर अवलंबून आहे.