एका तबकडीच्या दोन बाजू
१९८७ साली निघालेला ‘स्कम’ हा बर्मिंगहॅमच्या ‘नेपाम डेथ’चा पहिला अल्बम. त्यातले ‘यू सफर’ हे गाणे सुमारे १.३ सेकंदांचे. बहुतेकांचे कुतूहल तिथेच थांबते. मी थांबलो वादकांच्या नावांपाशी. पहिली बाजू ऑगस्ट १९८६मध्ये ध्वनिमुद्रित झाली, दुसरी मे १९८७मध्ये. मधल्या काळात जस्टिन ब्रॉड्रिक, निक बुलेन गेले. ली डोरियन, बिल स्टिअर आले. दोन्ही बाजूंना वाजवणारा एकटा ड्रमर मिक हॅरिस. वेष्टनावर नाव एक, आत संच दोन! ग्राइंडकोअरचा उगम इथे शोधणाऱ्याने म्हणूनच आधी विचारावे: कोणत्या बाजूत? कागदावर एक नाव दिसले की कर्ताही एकच मानायचा, ही माझी जुनी खोड या तबकडीने मोडली.