युवराज नव्हे, डॉल्फिन!

फ्रान्सच्या इतिहासात 'दोफँ' हा किताब सारखा भेटतो. राजाचा थोरला मुलगा, गादीचा वारस, म्हणजे आपला युवराज. पण या शब्दाचा सरळ अर्थ काय माहितीये? डॉल्फिन! समुद्रात उड्या मारतो तोच.

राजपुत्राला हे असलं नाव कशाला? तर ही गोष्ट आहे एका खरेदी-विक्रीची.

आल्प्सच्या बाजूला, ग्रनोब्ल शहराभोवती एक स्वतंत्र मुलूख होता. बाराव्या शतकात तिथला सरदार चौथा गीग 'दोफँ' या नावानेही ओळखला जायचा. वंशजांनी ते नाव चालवलं, हळूहळू त्याचा किताब झाला, ढालीवर डॉल्फिन आला आणि मुलखाचं नाव पडलं दोफिने.

शेवटचा दोफँ दुसरा अंबेर. कर्जात बुडालेला, त्यात एकुलता एक मुलगा लहानपणीच गेलेला. १३४९ मध्ये त्याने रोख २ लाख फ्लोरिन आणि वर्षासन घेऊन अख्खा मुलूख फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याच्या नातवाला, शार्लला दिला आणि स्वतः संन्यासी झाला. शार्ल पुढे राजा झाला. मग दोफँ हा किताब राजाच्या थोरल्या मुलाकडे जायचा रिवाजच पडला.

पण खरी गंमत पुढे आहे. मुलूख देण्याआधी अंबेरने प्रजेचे जुने हक्क आणि करांतल्या सवलती लेखी करून ठेवल्या होत्या. म्हणजे युवराजाचं नाव ही नुसती शोभा नव्हती, त्यामागे एका प्रांताला दिलेला शब्द होता.

राजांनी नाव मिरवलं, शब्द मात्र विसरले. १६२८ मध्ये दोफिनेची प्रांतिक सभाच बंद पाडली. लोक विसरले नाहीत. ७ जून १७८८ ला राजाने ग्रनोब्लच्या न्यायाधीशांना शहराबाहेर काढायचा हुकूम दिला, तेव्हा लोक छपरांवर चढले आणि सैनिकांवर कौलं फेकली. महिना-दीड महिन्यात शेजारच्या विझीलमध्ये सभा भरली. मागणी होती : देशाची सभा बोलवा, लोकांना विचारल्याशिवाय कर नको. पुढच्याच वर्षी राज्यक्रांती झाली. १७९१ च्या राज्यघटनेने दोफँ हा किताबही काढून टाकला.

ज्या प्रांताचं नाव युवराज मिरवत होते, क्रांतीची पहिली कौलं तिथूनच पडली. सत्तेला नावं लक्षात राहतात, करार राहत नाहीत. लोकांचं बरोबर उलटं असतं.