भिंत पडते ती उन्हात

माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, तरुणपणी पुरानं घर पाडलं की माणसं आधी रानाची वाट धरायची. वैनगंगेला आमच्या ब्रह्मपुरीकडच्या काठावर नुसतं 'गंगा' म्हणतात. गंगा उतरली, चिखल जरा वाळला, की बैलबंड्या निघायच्या. खांबाला येन, कुडाला बांबू आणि बांधायला वेली, हे सगळं निस्ताराच्या, म्हणजे रानातून गरजेपुरतं घेण्याच्या, हक्कानं मिळायचं. कवेलू कुंभाराकडून, मोबदला धानात. घरं पाळीपाळीनं उभी राहायची आणि पहिली पाळी एकट्या बाईची, असं आजी सांगायची. ते दिवस सुखाचे होते असं मात्र दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही. लाकडाच्या बदल्यात रानाचा मालक असलेल्या मालगुजाराकडे राबावं लागे, आणि ते सांगताना आबाजींचा आवाज कडू होई.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. बिगारी सुटली, ही मोठी गोष्ट झाली. रान मात्र सरकारच्या ताब्यात गेलं. निस्ताराचे हक्क कागदावर नोंदले गेले, जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी त्याचं कलमही आहे. पण घराचं लाकूड आता डेपोतून आणि परवानगीनं येऊ लागलं. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली, २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास. शिवाय राज्याच्या रमाई आणि शबरी योजना. घराचा आधार रानातून निघून बँकेच्या खात्यात आला. गरिबाच्या घरासाठी सरकारनं पैसा द्यावा हे योग्यच आहे, आणि तो आणखी मिळायला हवा. पण पूर आला की या व्यवस्थेत नेमकं कुठे पाणी शिरतं, ते २०२० नं दाखवलं.

त्या वर्षी ऑगस्ट संपता संपता मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला. वरच्या धरणांतून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडले. लाडज, पिंपळगाव, भालेश्वर ही गावं पाण्यात गेली. माणसं बोटींनी काढावी लागली. पाणी ओसरल्यावर आम्ही घर बघायला गेलो. ढोलीतल्या धानाला मोड येऊन आंबूस वास सुटला होता. भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती. भिंत उभी होती. मला हायसं वाटलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकाजींनी हातातल्या काठीनं ती ठोकून पाहिली आणि म्हणाले, "मातीची भित पान्यात नाही पडे बापू, उनात पडते." ऊन तापलं, ओली माती आकसली आणि मागची भिंत मधोमध फाटून बसली.

काकाजींचं हे ज्ञान पंचनाम्याच्या मुळाशी जातं. आपत्ती निधीच्या २०२२ नंतरच्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, कच्च्या घराच्या अंशतः नुकसानीला ४ हजार आणि झोपडी नष्ट झाली तर ८ हजार रुपये आहेत. भिंत उभी असताना पंचनामा झाला तर ४ हजार; कोसळल्यावर झाला तर त्याच घराला लाखाच्या वर. म्हणून मातीच्या घरांचा पंचनामा उन्हं पडल्यावर दुसऱ्यांदा व्हायलाच हवा, आणि तो ग्रामसभेसमोर वाचला जावा.

दुसरा प्रश्न जागेचा. पैसा मिळाला तरी घर बांधायचं कुठे? जुन्याच जागी बांधलं तर पुढच्या पुरात पुन्हा तेच. गाव नदीकडे उतरलेलं, आणि मागच्या उंच भागावर बहुतेक ठिकाणी वनखात्याची हद्द. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ता, तलाव अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. त्या यादीत घर नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीचा अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी वाट मोकळी केली. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर जवळजवळ दर पावसाळ्यात शिरतो, त्यामुळे तिथल्या माडिया या आदिम जमातीसाठी हे मोलाचं आहे. २०२३ च्या जनमन योजनेत आदिम जमातीच्या घराला २ लाख मिळतात. आता उंच जागाही मागता येते. आमची ब्रह्मपुरीची गावं मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेर. इथे जागा खरेदीच्या अनुदानावर आणि गावठाण वाढीच्या प्रस्तावावरच भिस्त.

घरकुलाची यादी क्रमानं चालते, पूर क्रम पाहत नाही. म्हणून तयारी पुराआधी हवी. गावात अजून अशी माणसं आहेत जी कोणत्या साली पाणी कोणत्या चिंचेपर्यंत आलं ते बोट ठेवून दाखवतात. ग्रामपंचायतीनं त्यांना सोबत घेऊन गाव फिरावं, त्या खुणा नकाशावर घ्याव्यात, खुणेच्या वरची जागा गावठाणात मागणारा ठराव करावा आणि निस्ताराचा बांबू पूरग्रस्तांना आधी मिळावा हेही त्यात लिहावं. पैसा दिल्ली-मुंबईहून येईल. कुठे बांधायचं हे गावालाच ठाऊक आहे. जूनमधला पाऊस लागण्याआधीची ग्रामसभा त्यासाठी पुरेशी आहे.