विळी, सुरी आणि जपानी पाते : पणदरे परिसराच्या संदर्भात स्वयंपाकघरातील पात्याच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना :
शस्त्रांच्या तुलनेत स्वयंपाकघरातील पात्याकडे इतिहासलेखनात फारसे लक्ष दिले गेलेले नाही. आज मध्यमवर्गीय कुटुंबे जपानी सुरी घेताना पोलादाचा प्रकार, कठीणपणा व आकार यांची तुलना करतात. ही निवड नवी भासली तरी तिच्यामागील प्रश्न जुनाच आहे. पाते कोणत्या बैठकीत वापरले जाणार आणि बोथट झाल्यावर त्यास धार कोण लावणार? प्रस्तुत लेखात पणदरे (ता. बारामती, जि. पुणे) परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

गावगाडा आणि लोहार :
त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारीत लोहाराचे स्थान महत्त्वाचे होते. फाळ, कुऱ्हाड, विळा ही अवजारे शेवटून देणे हे त्याचे काम असून त्याचा मोबदला धान्यरूपाने मिळे. याशिवाय घिसाडी समाजाची फिरती कुटुंबे गावोगाव भाता लावीत. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळात काम सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे या भागात ऊस वाढला व कोयत्याची गरजही वाढली. ज्या भट्टीवर कोयत्याला पाणी दिले जाई, तेथेच विळीचे पातेही घडू शकत असे.

विळी : बैठक आणि पाते :
विळीचे पाते स्थिर असते व चिरावयाचा जिन्नस हलतो. पाट पायाखाली दाबल्याने दोन्ही हात मोकळे राहतात. लोखंडी पाते कैरी, चिंच, लिंबू यांनी काळे पडते, म्हणून ते धुऊन लगेच कोरडे करावे लागते. खंडेनवमीला इतर अवजारांबरोबर विळीचीही पूजा केली जाते. पुढे उभ्याचा ओटा आला तेव्हा जमिनीवरील बैठक सुटली आणि विळीची जागा हळूहळू सुरीने घेतली. १९१३ मध्ये शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केलेल्या न गंजणाऱ्या पोलादाचा पुढे सर्वत्र प्रसार झाला. पाते काळे पडेना, परंतु लोहाराशी असलेला घराचा संबंधही क्षीण झाला.

जपानी उदाहरण :
जपानमध्ये १८७६ च्या आदेशाने तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि अनेक कारागीर सुऱ्या व अवजारे यांच्या निर्मितीकडे वळले. साकाई शहरात पाते घडविणारा, धार लावणारा व मूठ बसविणारा असे कारागीर आजही वेगवेगळे असतात. भाजी, मासे व मांस या तिन्हींसाठी उपयुक्त अशी 'सांतोकु' सुरी दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी रूढ झाली. जपानी पाते सामान्यतः युरोपीय पात्यापेक्षा अधिक कठीण व पातळ असते. त्यामुळे धार दीर्घकाळ टिकते. मात्र हाडावर किंवा नारळावर मारल्यास तिचा टवका उडतो, आणि धार लावण्यासाठी पाण्याचा दगड व सराव लागतो.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, पात्याची गुणवत्ता केवळ धातूवर अवलंबून नसून त्याची निगा राखणाऱ्या व्यवस्थेवरही अवलंबून असते. साकाईत ती व्यवस्था टिकली, म्हणून तेथील कठीण पोलादाला अर्थ आहे. ज्या घरात दगडावर धार लावण्याची तयारी आहे, तेथे कार्बन पोलादाची जपानी सुरी योग्य ठरेल; जेथे ती नाही, तेथे न गंजणारी साधी सांतोकु अथवा गावच्या लोहाराने घडविलेली विळी अधिक उपयुक्त होय. लोहाराचे हे ज्ञान लिखित स्वरूपात अत्यल्प असल्याने, भट्ट्या विझण्यापूर्वी मौखिक इतिहासाच्या साधनांनी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे.